गाडीचं दार घरी रंगवायचंय. पुट्टीपासून क्लिअरपर्यंत कोणी केलंय का?

निळीगाडी

नमस्कार मंडळी. गाडीच्या मागच्या दाराला खालच्या बाजूला खांब घासून लांबलचक ओरखडा आलाय. बराचसा वरवरचाच आहे पण मधे वीतभर जागेत पत्रा उघडा पडलाय आणि तिथे तांबूस ठिपके दिसायला लागलेत, शिवाय तिथेच एक उथळ पोचा पण आहे, डोळ्याला पटकन दिसत नाही पण हात फिरवला की कळतो. रंग मेटॅलिक निळा. मला हे काम स्वतः शिकायचंय आणि गाडी अजून बरीच वर्षं वापरायची आहे, त्यामुळे वरून छान दिसतंय आणि काही महिन्यांत खालून पोपडे निघतायत असं नको. बंद शेड आहे, हत्यारं हाताळायची सवय आहे, पण गाडीचा रंग कधी मारलेला नाही.

प्रश्न असे की फक्त खराब भाग रंगवावा का पूर्ण दार? स्प्रेचे डबे चालतील का गन-कॉम्प्रेसर लागेलच? आणि पुट्टी थेट पत्र्यावर लावायची का आधी प्रायमर? या शेवटच्या प्रश्नाला तर जिथे वाचावं तिथे वेगळं उत्तर मिळतंय.

घासूनपुसून

काही विकत आणायच्या आधी दार साबणाने धुऊन कोरडं कर आणि ओरखड्यावरून नख आडवं फिरव. जिथे नख अडकत नाही तिथे फक्त क्लिअर, म्हणजे सगळ्यात वरचा पारदर्शक थर, खरवडलाय, तो ओरखडा कंपाउंडने (घासून चमकवायच्या लेपाने) जाईल, तिथे रंगाला हातच लावू नकोस. नख अडकतंय आणि तळाशी राखाडी दिसतंय म्हणजे प्रायमरपर्यंत गेलंय. चकचकीत किंवा तांबूस दिसतंय म्हणजे पत्रा.

कारखान्यातून आलेला सगळा रंग मिळून साधारण १०० ते १५० मायक्रॉन असतो, म्हणजे दोन केस एकावर एक ठेवले तर जेवढे होतील तेवढाच, आणि त्यात चार थर असतात. पत्र्याला लागून ई-कोट, त्यावर प्रायमर, मग बेस कोट म्हणजे खरा रंग, आणि वर क्लिअर, जो एकटाच ४०-५० मायक्रॉन असतो. यातला ई-कोट महत्त्वाचा. तो अख्खी बॉडी टाकीत बुडवून विजेने चढवलेला असतो आणि भट्टीत १६०-१८० डिग्रीला भाजलेला असतो, तसला थर घरी काय कुठल्याच गॅरेजमधे परत चढवता येत नाही. त्यामुळे जिथे तो शाबूत आहे तिथे उगाच पत्र्यापर्यंत घासायचं नाही. लोक उत्साहात ग्राइंडर लावून सगळं दार नागडं करतात, ते बघून खरंच वाईट वाटतं, कारण कारखान्याने दिलेलं सगळ्यात चांगलं संरक्षण तेच असतं.

गॅरेजकर

वरच्या प्रतिसादाला +१. मी बरीच वर्षं डेंटिंग-पेंटिंगमधेच आहे तर क्रमाने सांगतो, लांबेल पण सांगतो.

पहिलं म्हणजे गंज. तांबूस ठिपका दिसतो त्याच्या दीडपट-दुप्पट गंज रंगाखाली सरकलेला असतो, त्यामुळे ठिपक्याच्या भोवतालचा रंग घट्ट वाटला तरी ८० नंबरच्या घासायच्या पेपरने थोडं बाहेरपर्यंत उघडून बघायचं आणि चकचकीत पत्रा लागेपर्यंत घासायचं. पत्र्यात बारीक खड्डे पडून त्यात काळं उरलं असेल तर ते पेपरने निघत नाही, तिथे तारेचा ब्रश किंवा फॉस्फोरिक ॲसिडवालं गंज मारायचं औषध लागतं, पण ते वापरलं तर डब्यावर लिहिलंय तसं नीट धुऊन-पुसून पूर्ण सुकवायचं, कारण ॲसिड उरलेल्या पत्र्यावर इपॉक्सी प्रायमर धरत नाही. टोचणीने टोचून बघ, आरपार गेली तर ते पुट्टीचं काम नाही, तिथे पत्रा बदलावाच लागतो. भोकावर पुट्टी लिंपून रंग मारणं मला अजिबात मान्य नाही, मागून ओल येत राहते आणि पुट्टी ती शोषून घेते.

दुसरं, काठ उतरवणं. जुन्या रंगाचा जो कडा राहतो तो आधी १८०, मग २४०, मग ३२० ने इतका निमुळता करायचा की डोळे मिटून बोट फिरवलं तर कुठे रंग संपला आणि कुठे पत्रा सुरू झाला ते कळता कामा नये. प्रत्येक थराची पट्टी गोल रिंगणासारखी वेगळी दिसली पाहिजे, निळी, राखाडी, मग पत्रा, आणि ती रिंगणं जितकी रुंद तितकं चांगलं. घरी केलेलं काम ओळखू येतं ते बहुतेक वेळा इथूनच, रंग जुळला नाही म्हणून नाही. नवीन रंग सुकून आकसला की खालचा कडा नकाशासारखा वर उमटतो.

आता पुट्टीचा प्रश्न. दोन्ही पद्धती चालतात आणि म्हणूनच वेगवेगळी उत्तरं मिळतात. पॉलिएस्टर पुट्टी घासलेल्या स्वच्छ पत्र्यावर थेट लागते, ती त्यासाठीच बनवलेली आहे. पण आधी इपॉक्सी प्रायमर मारून, तो सुकल्यावर १८० ने घासून त्यावर पुट्टी लावली तर पत्र्याला ओलीपासून कायमचं झाकण मिळतं, मी दाराच्या खालच्या भागाला असंच करतो. जे करायचं नाही ते म्हणजे साध्या ॲसिडवाल्या (एच) प्रायमरवर किंवा डब्यातल्या वन-के (कडक करणारं हार्डनर नसलेल्या) प्रायमरवर पुट्टी, ती सोलून निघते.

पुट्टीत हार्डनर वजनाने २ टक्क्यांच्या आसपास. लवकर सुकावी म्हणून जास्त घातला तर त्यातला पेरॉक्साइड वरच्या रंगात डाग बनून येतो, कमी घातला तर पुट्टी चिवट राहते आणि पेपर भरून जातो. थर २-३ मिलीमीटरच्या वर नको. पोचा त्याहून खोल असेल तर आधी मागून ठोकून किंवा पुढून ओढून वर काढायचा, पुट्टी खड्डा भरायला नसते, उरलेली बारीक उंचसखलता लपवायला असते.

लांबचापल्ला

एवढं सगळं खरंच लागतं का? माझ्या गाडीच्या पुढच्या मडगार्डवर मी ४०० नंबर मारला, डब्यातला प्रायमर, डब्यातला रंग, डब्यातला क्लिअर, आणि एका सुट्टीत काम संपलं. बऱ्यापैकी दिसतं. पांढरा रंग होता हे मात्र मान्य.

रसायनवाली

पांढरा साधा रंग आणि मेटॅलिक यात मोठा फरक आहे, त्यावर इतर लोक लिहितीलच. मी रंगांच्या रसायनांवर काम करते म्हणून डब्यांबद्दल लिहिते, कारण ‘डब्यातला क्लिअर’ या एका शब्दात दोन पूर्ण वेगळ्या वस्तू आहेत.

साधा डबा म्हणजे वन-के. त्यातला थिनर उडून जातो आणि मागे राहतो तो थर, बस्स. रासायनिक जोडणी फारशी होत नाही, म्हणून पेट्रोल सांडलं किंवा थिनरचं फडकं लागलं की तो परत मऊ पडतो आणि उन्हात लवकर निस्तेज होतो. टू-के डब्याच्या बुडाशी एक बटण असतं, ते दाबलं की आतली हार्डनरची कुपी फुटून क्लिअरमधे मिसळते आणि मग रेणूंच्या साखळ्या एकमेकींना जोडल्या जाऊन कडक थर बनतो. एकदा बटण दाबलं की तो डबा एक-दोन दिवसांत वापरावा लागतो, नंतर आतच घट्ट होतो. बेस कोट वन-के असला तरी चालतं, त्याला झाकायला क्लिअर आहे. पण क्लिअर मात्र टू-केच घ्या, निळीगाडी यांना जर अनेक वर्षं टिकायला हवं असेल तर.

आणि आता हे नीट वाचा. टू-केच्या हार्डनरमधे आयसोसायनेट असतं. त्याच्या फवाऱ्याने दमा होऊ शकतो, आणि एकदा शरीर त्याला संवेदनशील झालं की पुढे अगदी थोड्या मात्रेने पण त्रास होतो, ते परत पूर्ववत होत नाही. धोक्याच्या पातळीला पण त्याचा वास जाणवेलच असं नाही, त्यामुळे ‘वास येत नाही म्हणजे मास्क काम करतोय’ असं म्हणता येत नाही. रंगाच्या धंद्यात यासाठी बाहेरून ताजी हवा पुरवणारा मास्क वापरतात. कापडी मास्क किंवा धुळीचा मास्क यापासून वाचवत नाही. हातमोजे, डोळ्यांना पूर्ण बंद चष्मा, पूर्ण बाह्या, आणि आसपास कोणी माणूस नको, मुलं तर नकोतच. फवारा मारून झाला तरी धुकं बराच वेळ हवेत राहतं. तसला मास्क मिळत नसेल तर माझं स्पष्ट मत असं की बेसपर्यंतचं काम घरी करा आणि क्लिअर रंगाच्या बूथमधे मारून घ्या. यात कमीपणा काहीच नाही.

शेड बंद आहे म्हणताय तर पेट घेणाऱ्या वाफेचा पण विचार करा. ठिणगी पडेल असं काही, साधा टेबलफॅन, गॅसची ज्योत, चालू हीटर, काही नको.

लांबचापल्ला

@रसायनवाली, बुडाला बटण असलेला डबा मी बघितलाय पण ते कशासाठी ते आत्ता कळलं. माहितीसाठी मनापासून आभार.

निळीगाडी

बापरे, केवढी माहिती. आयसोसायनेटचं वाचून क्लिअरसाठी एका ओळखीच्या बूथवाल्याशी बोलायचं ठरवलं, घरी बेसपर्यंतच. घासायचं काम सुरू केलंय आणि गॅरेजकरदादा म्हणाले तसंच निघालं, ठिपका नखाएवढा आणि रंगाखालचा गंज चांगला रुपयाएवढा. टोचणी आरपार गेली नाही.

आता रंगाचा कोड दाराच्या खांबावरच्या पट्टीवर सापडलाय. त्या कोडने रंग बनवून घेतला की जुळेलच ना?

शांतचालक

कोड म्हणजे सुरुवात. एकाच कोडच्या तीन-चार छटा असतात, कारण वेगवेगळ्या काळात आणि वेगवेगळ्या कारखान्यात रंगाची बॅच थोडी इकडेतिकडे होते. रंग मिसळणाऱ्यांकडे त्या छटांच्या पट्ट्या असतात, आणि काहींकडे रंग मोजायचं यंत्र. तुझी गाडी उन्हात पण उभी राहिलेली असणार, म्हणजे रंग थोडा उतरलेला असेल, म्हणून पेट्रोलच्या टाकीचं बाहेरचं झाकण काढून, पॉलिश करून घेऊन जा, ते सुटं निघतं आणि बॉडीच्याच रंगाचं असतं.

रंग आणला की दारावर मारायच्या आधी एका जाड कार्डावर किंवा पत्र्याच्या तुकड्यावर मार, ज्या प्रायमरवर दार रंगवणार तोच प्रायमर खाली, तितकेच कोट, अर्ध्या भागावर क्लिअर पण. ते दारापाशी उभं धरून दिवसा बाहेर बघ. समोरून आणि तिरकं, दोन्ही. ट्यूबलाइटखाली जुळलेला निळा उन्हात वेगळा निघालेला मी बघितलाय.

गॅरेजकर

मेटॅलिकबद्दल मुख्य गोष्ट सांगतो. त्यात ॲल्युमिनियमचे बारीक चपटे कण असतात आणि ते कसे बसतात त्यावर छटा ठरते. ओला आणि जड कोट मारला की कण आत बुडतात, रंग गडद दिसतो. लांबून, कोरडा मारला की कण वर आडवे पडतात, रंग फिका दिसतो. म्हणजे त्याच डब्यातून, त्याच हाताने, फक्त अंतर बदललं तर दोन वेगळे रंग. म्हणूनच मी कोडपेक्षा हाताच्या चालीला जास्त मानतो.

डब्याने मारणार असशील तर २०-२५ सेंटीमीटर अंतर, गनने १५-२० सेंटीमीटर, आणि मनगट वळवायचं नाही, पूर्ण हात दाराला समांतर सरकवायचा. फवारा दाराच्या बाहेर सुरू करायचा आणि बाहेरच बंद करायचा. प्रत्येक पट्टा आधीच्या पट्ट्यावर अर्धा चढला पाहिजे. दोन कोटच्या मधे रंगाची ओली चमक जाऊन मॅट होईपर्यंत थांबायचं, हवामानाप्रमाणे ५ ते १५ मिनिटं. झाकलं गेलं की शेवटी एक हलका धुकट कोट थोडं लांबून, त्याने ढगाळ पट्टे मोडतात.

आता कुठे थांबायचं, म्हणजे तुझा पहिला प्रश्न. बेस कोट खराब भागापुरता आणि पुढे विरळ करत करत नेऊन दाराच्या आतच विरवायचा, जुन्या रंगाच्या आत. क्लिअर मात्र पूर्ण दारावर, एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत. क्लिअर मधेच कुठे तरी थिनरने विरवून सोडला तर आत्ता दिसत नाही, पण तिथला थर कागदासारखा पातळ राहतो आणि एक-दोन उन्हाळे गेले की त्या रेषेवर पापुद्रा सुटतो. म्हणजे रंग थोडा, क्लिअर पूर्ण. ज्या भागावर क्लिअर येणार तो सगळा ८०० ते १००० नंबरने किंवा घासायच्या राखाडी पॅडने मॅट करायचा, हँडलच्या भोवतीचा कोपरा आणि दाराची कड धरून. तिथे चमक राहिली तर क्लिअर तिथूनच सुटणार. शक्य असेल तर हँडल आणि काचेखालची रबरपट्टी काढूनच ठेव, टेपने झाकण्यापेक्षा ते कधीही चांगलं.

टेपचं पण ऐक. प्रायमर मारताना टेप सरळ चिकटवली की तिथे पायरी बनते. टेपचा कागद उलटा दुमडून, काठ मोकळा गोल राहील असा लाव म्हणजे प्रायमर त्या घडीखाली विरळ होत जातो.

निळीगाडी

अपडेट. पोचा मागून हळूहळू वर काढला, इपॉक्सी मारला, घासला, पुट्टी लावून ब्लॉकने (पेपर गुंडाळलेल्या सपाट ठोकळ्याने) सपाट केली. आज त्यावर भरणीचा (बारीक चर भरणारा जाड) प्रायमर मारला तर पुट्टीच्या वरच्या बाजूला, जिथे जुना रंग आहे तिथे, प्रायमर बारीक बारीक गोल जागा सोडून पळतोय, मधे डोळ्यासारखे खड्डे दिसतायत. बाकी ठिकाणी छान बसलाय. हे काय आहे, थांबलोय.

रसायनवाली

थांबलात ते उत्तम केलंत, वरून अजून कोट मारून ते बुजत नाहीत. हे सिलिकॉन. गाडीच्या पॉलिशमधे, टायर चमकवायच्या द्रवात, गंज सोडवायच्या स्प्रेमधे सिलिकॉन किंवा तेल असतं आणि त्याच्यामुळे त्या जागी पृष्ठताण कमी होतो, ओला रंग तिथून भोवताली खेचला जातो. साबणाने ते पूर्ण जात नाही. आणि घासल्यावर तर ते पेपरबरोबर चरांमधे अजून खोल जातं, म्हणूनच क्रम असा की आधी डिग्रीज म्हणजे तेल-मेण काढणं, मग घासणं, मग परत डिग्रीज.

प्रायमर पूर्ण सुकू द्या, खड्डे पडलेला भाग घासून काढा, मग दोन फडकी घ्या. एक मेण-तेल काढायच्या द्रवात भिजवलेलं, दुसरं कोरडं. ओल्याने पुसायचं आणि तो द्रव उडून जायच्या आत कोरड्याने टिपायचं. आपोआप सुकू दिलं तर तेल विरघळून पसरतं आणि तिथेच परत बसतं. फडकी सारखी बदला. आणि शेडमधे त्या दिवशी कुणीही डॅशबोर्डचा किंवा साखळीचा स्प्रे मारायचा नाही, हवेतून पण येतं.

घासूनपुसून

हे झालं की भरणीच्या प्रायमरवर काळ्या पावडरचा किंवा काळ्या स्प्रेचा अगदी विरळ थर मार आणि ४०० ने ब्लॉक लावून घास. जिथे काळं राहिलं तिथे खड्डा, जिथे लगेच प्रायमर उघडा पडला तिथे उंचवटा. डोळ्याला जे दिसत नाही ते यात दिसतं. बोटांनी पेपर धरून घासू नकोस, बोटांच्या मधे मधे चर पडतात आणि क्लिअर मारल्यावर उजेडात लाटा दिसतात. शेवटी ६००-८०० ने पाण्यात, साबणाचा एक थेंब टाकून.

गॅरेजकर

पाण्याचा पेपर प्रायमर सगळीकडे झाकला गेल्यावरच, हे ध्यानात ठेव. उघड्या पुट्टीवर पाणी अजिबात नाही. ती पाणी पिते, वरून सुकलेली वाटते, आणि नंतर उन्हात रंगाला फोड येतात. उघड्या पत्र्यावर पण नाही, काही तासांत परत लालसर होतो.

घासूनपुसून

दादा, यावर मी थोडा वेगळा आहे. मी तर प्रायमर पण कोरडाच घासतो, पाणी दाराच्या कडेच्या घडीत शिरतं आणि तिथून लवकर निघत नाही.

गॅरेजकर

धूळ ओढायची व्यवस्था असेल तर कोरडं चांगलंच, वाद नाही. पण जुन्या गाड्यांच्या रंगात शिसं किंवा क्रोमेट असू शकतं, तिथे कोरडी धूळ उडवण्यापेक्षा मी पाणी पसंत करेन, आणि मास्क दोन्हीकडे. घडीचं म्हणणं मान्य, तिथे दाबाच्या हवेने फुंकून घ्यायचं आणि दुसऱ्या दिवशी रंगवायचं.

शांतचालक

बेस मारायचा दिवस निवडताना हवा बघ. २० ते २५ डिग्री सगळ्यात सोयीचं. दमट हवेत थिनर उडताना पृष्ठभाग गार पडतो, हवेतली ओल त्यावर बसते आणि रंग दुधाळ होतो. आणि हवेएवढाच पत्रा पण महत्त्वाचा, सकाळी पत्रा थंडगार असतो. जमीन आदल्या दिवशी झाडून ठेव आणि रंगवायच्या आधी पाणी शिंपड, धूळ खाली राहते. धूळ टिपायचं चिकट फडकं हलक्या हाताने फिरव, दाबलंस तर त्याची राळ दारावर लागेल.

निळीगाडी

बेस झाला! शांतचालक म्हणाले तसं कार्ड बनवलं होतं आणि बरं झालं बनवलं, कोडच्या पहिल्या छटेत हिरवट झाक होती, दुसरी छटा मिसळून घेतली तीच जुळली. विरवलेली कड मी स्वतः शोधतोय तरी नीट सापडत नाहीये. क्लिअर बूथमधे मारून आणलाय, दोन ओले कोट. चमक जबरदस्त आहे. फक्त दोन गोष्टी, पृष्ठभाग जुन्या रंगापेक्षा थोडा संत्र्याच्या सालीसारखा दिसतोय आणि खालच्या मोल्डिंगच्या वर एक बारीक ओघळ आलाय. हे काढता येईल का?

घासूनपुसून

येईल, पण आत्ता नाही. क्लिअर कडक व्हायला एक-दोन दिवस जाऊ देत, ओघळाला त्याहून जास्त कारण तो जाड आहे आणि आतून मऊ राहतो. मग छोट्या कडक ब्लॉकवर १५०० नंबर, फक्त ओघळाच्या माथ्यावर, भोवती टेप लावून. सपाट झाला की २०००, मग ३०००, मग कंपाउंड. सालीसाठी १५०० ची पण गरज नाही, २००० पासून सुरू कर. दाराच्या कडा आणि उठावाच्या रेषा टेपने झाकून ठेव, तिथे क्लिअर सगळ्यात पातळ असतो आणि पॉलिशरने क्षणात बेस उघडा पडतो. आणि शेजारच्या दाराकडे बघून थांब. कारखान्याच्या रंगाला पण थोडी साल असतेच, तुझं दार आरशासारखं केलंस तर तेच वेगळं उठून दिसेल.

मेण किंवा सीलंट महिनाभर तरी नको, थर अजून श्वास सोडत असतो.

दुचाकीस्वार

सुंदर धागा, वाचनखूण साठवली. मला पुढचा बंपर करायचाय, प्लास्टिकचा. हेच सगळं लागू का?

रसायनवाली

तयारीचा क्रम तोच, पण खाली फरक आहे. बंपरच्या आतल्या बाजूला खुणा असतात, पीपी किंवा पीपी आणि ईपीडीएम असं लिहिलेलं असेल तर ते पॉलीप्रॉपिलीन आहे आणि त्याला रंग मुळात चिकटत नाही, उघड्या प्लास्टिकवर आधी चिकटपणा आणणारा खास प्लास्टिक प्रायमर लागतो. पुट्टी पण प्लास्टिकची, लवचिक. साधी पुट्टी बंपर वाकला की तडकते.

अजून एक, बंपरच्या मागे रडार असेल (पुढच्या गाडीपासून अंतर राखणारं किंवा बाजूच्या आंधळ्या कोपऱ्याचं) तर त्या भागावर पुट्टी लावायची नाही. तिथे रंगाची जाडी वाढली तरी लहरी नीट आरपार जात नाहीत, मेटॅलिक रंगात तर जास्तच. गाडी बनवणारे त्या जागेसाठी जाडीची मर्यादा देतात, आणि काहीजण तर त्या जागी दुरुस्तीच करू देत नाहीत. गाडीच्या दुरुस्ती पुस्तिकेत बघूनच हात लावा.

गॅरेजकर

@निळीगाडी, शेवटचं राहिलं. दाराच्या अगदी खालच्या काठाला पाणी जायची छोटी भोकं असतात, ती बघ. प्रायमर किंवा क्लिअरने बुजली असतील तर तारेने मोकळी कर.

निळीगाडी

बघितली. मधलं एक भोक रंगाने नाही तर आतल्या चिखलाने गच्च भरलं होतं, तार घातल्यावर चांगलंच गढूळ पाणी आलं. ओरखडा बरोब्बर त्याच्या वर होता. म्हणजे त्या ठिकाणचा गंज नुसत्या ओरखड्याचा नव्हता, आतून पण ओल होती बहुतेक?

गॅरेजकर

शक्य आहे. दाराचं आतलं आवरण काढून टॉर्चने खालच्या घडीत बघ. आतून लाल दिसलं तर दाबाच्या हवेने आणि मग ऊन देऊन आधी पूर्ण कोरडं कर, आणि लांब नळीवाला मेणाचा पोकळीत मारायचा स्प्रे त्या घडीत सोड. फक्त क्लिअरचं पॉलिशिंग संपल्यावरच, नाहीतर ते मेण भोकांतून झिरपून बाहेरच्या नवीन रंगावर येईल आणि कुठे परत टचिंग करायचं झालं तर पुन्हा तेच डोळे पडतील. भोकं मेणाने बुजली नाहीत ना ते दुसऱ्या दिवशी परत तपास, आणि बाकीच्या दारांची पण मोकळी करून घे.

निळीगाडी

करतो. उद्या आवरण काढून आतले फोटो टाकतो.